कोटातले हात

— तर विमानात बसताना तिच्या डोळ्यांपुढं काय होतं सांगू का, माझ्या नणंदेच्या? आई अंगणात बसलेली, डोक्यावर पदर, मांडीवर सूप, सुपात धान्य, नातवंडं मातीत खेळतायत आणि मागची भिंत पांढऱ्या मातीनं पोतारलेली. इंग्लंडाहून हेच बघत आली ती. आणि दार उघडलं तर काय, आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली, अंगात फुलाफुलांची मॅक्सी, हातात रिमोट. नातवंडं कुठं, तर एक पंख्याखाली नागडं, दुसऱ्याच्या दाही बोटांत पिवळ्या नळ्या, एकेक चावून खातोय. बॅग खाली ठेवायच्या आधी पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी म्हणलं, सुकेशनी, अंगण बघतेस व्हय, अंगण नाय इथं, गॅलरी हाय, तिथं वॉशिंग मशीन ठेवलंय — अहो अहो, उठवू नका त्याला मॅडम. झोपू द्या. कच्च्या झोपंतून उठवलेलं लेकरू फोटोला बसत नसतं. ते फक्त रडतं, आणि रडून दमलं की परत झोपतं. आपण बोलतोय ना, जाऊ द्या अर्धा तास. आमचे हे आत लाइट लावून बसलेत, त्यांना कुठं पळून जायचंय.

त्या स्टुलावर नका बसू, ते वाढदिवसाच्या पोरांचं हाय, त्याला कायम केक लागलेला असतो. इकडं खुर्चीत बसा. ती कपड्यांची पिशवी द्या माझ्याकडं, इस्तरी करून ठेवते तोवर. साहेबांचा सदरा, तुमचा कुर्ता, मोठीचा फ्रॉक, बाळाचं झबलं — सगळं एकाच रंगाचं. व्हय, दाखवला ना तुम्ही मोबाइलवर, गव्हाच्या रानात बसलेलं ते परदेशातलं कुटुंब. छान हाय. या रंगाला इंग्रजीत काय म्हणतात ते तुम्ही सांगितलं आणि मी विसरले. आमच्याकडं याला धुतलेल्या पोत्याचा रंग म्हणतात. राग मानू नका, मी अशीच बोलते, गिऱ्हाइकं तरीबी येतात. आणि ते दुसरं, जे तुम्ही कानाजवळ येऊन सांगितलं — बाळाला जरा उजळ करून द्या म्हणून — ते नंतर बघू. आधी उठू तर द्या त्याला.

हां, तोच तो फोटो, भिंतीवरचा. त्याचंच तर सांगत होते मी. कोटात बसलेत ते माझे सासरे, कचरू. शेजारी सासूबाई, दगडाबाई. मागं आमचे हे आणि मी, पुढं निळ्या कोटात माझा शिवम, पाच वर्षांचा, आणि सासऱ्यांच्या मांडीवर बसलीय ती मितू, माझी धाकटी. सासरे जाऊन आठ वर्षं झाली आणि मितू आत्ता दोनची हाय. नका हिशेब करत बसू. स्टुडिओत असं चालतं, गेलेलं माणूस फोटोत बसवता येतं. चांगला जमलाय म्हणता? सगळे म्हणतात. सगळे तोंडच बघतात. आमची म्हातारी मात्र या फोटोपुढं आली की आधी तोंड बघत नाय, हात बघते. आणि नणंद कुठाय म्हणून विचारताय, तर थांबा, तेच सांगायचंय.

ही सुकेशनी आमच्या ह्यांची धाकटी बहीण. लई हुशार. सहावीलाच परीक्षा देऊन निवासी शाळेत गेली, तिथून दिल्लीला, तिथून शिष्यवृत्तीवर इंग्लंडात. म्हणजे घर सोडलं तेव्हा अकरा वर्षांची होती, आणि तिचं घर तिथंच थांबलं. वैजापूरजवळचं गाव, पत्र्याची खोली, आई कांद्याच्या खळ्यावर निवडायला, बाप बाजार समितीत हमाल. आम्ही तोवर पुढं आलो ना — ह्यांनी कॅमेरा घेतला, चिकलठाण्यात हा गाळा घेतला, वर दोन खोल्या, खाली स्टुडिओ. तिला पत्ता बदललेला माहीत होता, पण बाकीचं बदललेलं कुणी कळवलंच नाय. ती तिकडं काय शिकली तर, माणसांच्या नावांवर शिकली. म्हणजे आमच्यासारख्यांच्या घरात कचरू, दगडाबाई अशी नावं का ठेवायची, त्यावर तिनं म्हणे एवढालं पुस्तक लिहिलंय. मी म्हणलं, त्याला इंग्लंडात कशाला जायचं? आधीची लेकरं जगत नव्हती म्हणून ठेवायचे — कचरा म्हणलं की मरणाची नजर जात नाय. आपण गालाला काळं लावतो ना लेकराच्या, तसंच, फक्त तीट पुसता येते आणि नाव पुसता येत नाय. तर ती माझ्याकडं बघतच राहिली, आणि वहीत लिहून घेतलं. माझं. कुणी माझं बोलणं लिहून घेतलं असं पहिल्यांदाच झालं. असो.

तर फोटो. सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं सोमवारचं, मोतीबिंदूचं. साधं ऑपरेशन, रोज शंभर होतात, पण म्हातारीनं मनात घेतलं, डोळा गेला तर? गेला तर मग काय बघायचं राहिलं ते आधी बघून घेते म्हणाली. आणि काय राहिलं होतं, तर सगळं घर एका चौकटीत, नवऱ्यासकट, आणि नवऱ्याच्या अंगात कोट. एवढंच मागणं. सासऱ्यांचा आयुष्यात एकच फोटो निघालेला, हमालीच्या ओळखपत्रावरचा, अंगठ्याच्या नखाएवढा. नुसतं तोंड. ते मोठं करायचं, कोट चढवायचा, बाकीच्यांना शेजारी बसवायचं. माझं रोजचं काम हाय हे, कॅमेरा ह्यांचा आणि कॉम्प्युटर माझा. शिवमला त्याच्या आज्जीनं तालुक्याच्या टेलरकडून निळा कोट शिवून घेतला होता, बाबासाहेबांच्या फोटोतल्या कोटाकडं बोट दाखवून, असाच पाहिजे, गुंड्यासुद्धा अशाच. पोरगं तो कोट घालून संडासला जायचं.

सुकेशनीनं हे सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. कोट कशाला, म्हणाली. हे आपलं नव्हे, हे दाखवायचं झालं, फोटोत सत्य पाहिजे. मग बॅग उघडली आणि सगळ्यांचे कपडे काढले, तिकडून येताना पुण्यात थांबून हातमागावरचे घेतलेले, न रंगवलेले. रंग कोणता ते सांगायला नको, तुमच्या पिशवीत हाय. तिचं ठरलेलं होतं सगळं — काजळ नको, पावडर नको, तीट नको, भांग नको, पोरांना बसा म्हणायचं नाय, हसा म्हणायचं नाय, ती असतील तशी. मॅडम, मी अकरा वर्षं पोरांना फोटोसाठी तयार करतेय. लेकरू असंल तसं फोटोला बसत नसतं. त्याचं पोट भरलेलं लागतं पण जास्त नाय, नाय तर ओकतं. झोप झालेली लागते पण नुकती नाय. कपडा शेवटच्या मिनिटाला घालायचा, तोवर जुना बनियन. डोकं विंचरायचं ते ते खेळण्याकडं बघत असताना मागून. आणि सगळं जमलं तरी वर बघत नाय, तेव्हा आम्ही विमानाची वाट बघतो. इथं विमानतळ जवळ, विमान गेलं की अख्ख्या चिकलठाण्यातली पोरं मान वर करतात, तेव्हाच हे बटन दाबतात. तुम्हाला वाटतं ती पोरं स्वप्नात हरवलीत. ती विमान बघत असतात.

पण ही म्हणाली, स्टुडिओत नाय काढायचा. कुठं मग? तर वैजापूरला, बाजार समितीत, जिथं आबांनी — ती सासऱ्यांना आबा म्हणते — जिथं आबांनी बत्तीस वर्षं पोती उचलली तिथं, कांद्याच्या ढिगापुढं. मी ह्यांच्याकडं बघितलं. आता बहिणीपुढं बोलतील ते आमचे हे कसले. गाडी केली, शनिवारी सकाळी निघालो सगळे. दीड तास. पोरांना ते पोत्याचे कपडे घातलेले, हातमागाचं सूत कसलं खरखरीत, मितू मानेला खाजवून लाल, शिवम वाटंत दोनदा ओकला, एकदा कपड्यावर, एकदा आत्याच्या वहीवर. आणि सासूबाई खिडकीशी. त्यांनी ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. सुकेशनीनं त्यांच्यासाठी आणलेलं लुगडं त्यांनी मांडीवर घेतलं होतं, घडी न मोडता.

तिथं पोचलो तर कांदा म्हणजे डोंगर. वास, गाड्या, लिलावाच्या बोल्या, नुसता गलबला. सुकेशनी आधी उतरली. तिचा चेहरा असा झाला होता, काय सांगू, देवळात गेल्यासारखा. आणि तिथं एक म्हातारा हमाल भेटला, सांडू नावाचा, सासऱ्यांच्या टोळीतला. कचरूची पोरगी ना तू म्हणाला, नाकावरून ओळखलं. ही हरखली. काका, तुमचाबी फोटो काढायचाय म्हणाली. डोक्याला फडकं, अंगात फाटका बनियन, खांद्यावर कांद्याचं टरफल, तिला तर हवं ते सापडलं. ती कॅमेरा लावतेय तोवर सांडूबाबा म्हणाले, थांब बाई, आलोच. आणि गेले. आम्ही उभे. पंधरा मिनिटांनी आले ते तोंड धुऊन, केसाला पाणी लावून, पांढरा इस्तरीचा सदरा घालून. बाजूच्या दुकानदाराकडनं मागून आणला होता, बाह्या लांब होत होत्या. ताठ उभे राहिले, हात बाजूला, जवानासारखे. घे म्हणाले. मी मनात लई हसले. ही मात्र कॅमेरा डोळ्याला लावून उभी, बटनच दाबंना. म्हणाली, काका, मघाचे तसेच छान होता. तर सांडूबाबा म्हणाले, तसा तर रोजच असतो की पोरी, त्याला फोटो कशाला.

शेवटी काढला तिनं एक, त्या सदऱ्यातला. आणि इकडं आमची खरी पंचाईत, सासूबाई गाडीतून उतरंनात. काच वर करून बसलेल्या. हे गेले, मी गेले, शिवम गेला, नाय म्हणजे नाय. पोरं कांद्यात लोळायला लागली, मितूच्या डोळ्यांत झोंबलं, ती रडायला लागली, तिला बघून शिवम, दोघं नाकातोंडातून गळतायत. कुणाला पाहिजे असलं सत्य, फडकं कुठाय ते सांगा. मग सुकेशनी स्वतः गेली गाडीपाशी. समजावत होती, आई, यात लाज कसली, मला अभिमान आहे, जगानं बघितलं पाहिजे तुम्ही कुठून आलात ते. म्हातारीनं काच खाली केली, चार बोटं. मी जवळच होते, मितूला कडेवर घेऊन. म्हणाल्या, "मला हितनं निघायला चाळीस वर्सं लागली. तू मला एका फोटूसाठी परत आणून सोडू नको." आणि मग, तिच्याकडं न बघता, "कांदे निवडताना मला बघणारे लई व्हते. फुकट बघत व्हते. तुझ्या आबानं जल्मभर दुसऱ्याची पोती अंगावर घेतली, एक कोट घेऊ दे की."

काच वर.

येताना वाटभर मितू हुंदके देत होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. लई बरं वाटलं. अकरा वर्षं मी या घरात राबतेय, आणि ही इंग्लंडाहून आठ दिवसांसाठी येऊन मला सांगणार काजळ नको. मी शिवमचं तोंड पुसलं आणि मनात म्हणलं, घे, कळलं का सत्य.

— बाळ हललं का? नाय, नुसतं तोंड हलवतंय, दुधाचं स्वप्न पडलंय. बसा.

तर संध्याकाळी मी खाली येऊन कॉम्प्युटर लावला. रविवारी म्हातारीला फोटो दाखवायचा तर सासऱ्यांचं तोंड तरी बसवून ठेवावं. सुकेशनी मागनं आली आणि दाराशी उभी राहिली. तिनं हे काम कधी बघितलं नव्हतं. मी समजावून दाखवलं तिला, जरा तोऱ्यातच. आमच्याकडं तयार धडं असतात मॅडम, शंभरेक — कोटाची, शेरवानीची, फेट्याची. मुंडकं तेवढं आपलं लावायचं. सगळ्यात जास्त चालतं ते एक नंबरचं, काळा कोट, लाल टाय, खुर्चीत बसलेलं, हात मांडीवर. हसू नका, या चिकलठाण्यात निदान चाळीस घरांत एकाच माणसाचं धड भिंतीला टांगलंय, हार घालून. चेहरे तेवढे वेगळे. तेच मी सासऱ्यांना लावलं होतं. मान जुळवली होती, तोंड जरा उजळलं होतं, म्हणजे हाताच्या रंगाला जुळंल एवढं.

ती वाकून बघायला लागली. मला वाटलं आता कोटावर व्याख्यान. कोटाबद्दल एक शब्द नाय. म्हणाली, "वहिनी, हे हात कुणाचे?"

मी म्हणलं, कुणाचे म्हणजे, तयार आलेत. गोरे हात, मऊ, नखं कापलेली, बोटात सोन्याची अंगठी. ती म्हणाली, आबांचे हात असे नव्हते. मी म्हणलं, ते मलाबी माहीत हाय, त्यांच्या ताटात मी तीन वर्षं वाढलंय. काळे हात, शिरा वर आलेल्या, पोती ओढायच्या लोखंडी आकड्यानं तळव्यावर उभा व्रण, आणि डाव्या हाताची करंगळी जन्मजात वाकडी, आत वळलेली. पण त्या हातांचा फोटो आणू कुठून? नखाएवढं ओळखपत्र. तिनं विचारलं, राजूदादाचे हात घेता येतील का. म्हणजे आमच्या ह्यांचे. ह्यांचे हात बघितले का तुम्ही? आईवर गेलेत, गोरे, गुबगुबीत, पेढ्यावर पेढा ठेवल्यासारखे. नाय जमत. मी म्हणलं राहू दे, कोण बघतंय हात.

मग तिचं लक्ष बाजूच्या खिडकीकडं गेलं. म्हणजे कॉम्प्युटरच्या. तिथं मितूचा फोटो उघडा होता, पहिल्या वाढदिवसाचा, त्यातनं मी तिला घेणार होते. ती त्या फोटोकडं बघते, मग पाळण्याकडं बघते, परत फोटोकडं. मितू तिथंच झोपलेली. मितू सावळी हाय मॅडम, आत्ता या भिंतीवरच्या फोटोत दिसते तशी. त्या वाढदिवसाच्या फोटोत नव्हती. ही म्हणाली, हळूच म्हणाली, आवाज चढवून नाय, "वहिनी, हिला कुणासाठी गोरी करताय? दोन वर्षांची आहे ती."

आणि मी काय बोलले माहितीय? जाऊ द्या. नाय, सांगते, आता आलंच तोंडावर. मी म्हणलं, तू काळी असून निभावलीस, कारण तू शिकलीस, तुला कुणाची गरज नाय, विमानात बसलीस की सुटलीस. माझी पोरगी इथं राहायचीय. तिला बघायला कुणी आलंच नाय तर इंग्लंडाहून येणार व्हय तू? असं बोलले. तिचा रंग तिच्या तोंडावर फेकला मी, आणि माझ्याच नणंदेच्या, आणि ती बापावर गेलीय हे माहीत असून. मग मीच बोलत सुटले, कारण गप्प माणसापुढं मला राहवत नाय, तुम्ही बघताच हाय. मी म्हणलं, तुला काय माहीत. मला माहीत हाय. मी सोयगावची. लग्नासाठी फोटो काढायला बापानं नेलं होतं मला तिथल्या एका स्टुडिओत, आणि सांगितलं, पोरीला जरा उजळ काढा. काढली त्यानं. तोच फोटो इथं आला, पसंत झाला, लग्न झालं. पहिल्या दिवशी सासूबाईंनी पदर वर करून बघितलं आणि म्हणल्या, फोटोतली पोरगी मागून येतीय का गं? सगळा मांडव हसला. मीबी हसले, नव्या नवरीनं दुसरं काय करायचं. आमचे हे तर फोटोवाले, ते रात्री म्हणाले, मी फोटो बघूनच ओळखलं होतं, काम कच्चं हाय, कानांचा रंग बदलायचा राहिलाय. चेहरा गोरा आणि कान माझे.

अकरा वर्षं झाली, सणावाराला कुणी ना कुणी अजून सांगतं हा किस्सा, आणि मी चहा आणते. कॉम्प्युटर शिकायला बसले तेव्हा पहिली गोष्ट काय शिकले असंल? तीच. या वस्तीतल्या निम्म्या पोरी मी उजळून दिल्यात. आणि मी कुणाचे कान विसरत नाय.

हे मी तिला सांगितलं ते सांगितलं, तुम्हाला का सांगतेय कुणास ठाऊक.

तर ती ऐकून घेत होती सगळं. वही काढली नाय. पाळण्यापाशी गेली, खाली बसली. मितूचा डावा हात दुपट्याबाहेर आला होता, मूठ सुटलेली. त्या हाताशेजारी तिनं आपला डावा हात ठेवला, नुसता ठेवला, कडेला. मला तिथनं दिसलं. दोघींच्या करंगळ्या वाकड्या. सारख्या वळलेल्या, आत. मला काय हे माहीत नव्हतं असं समजू नका. बाळंतपणातच बघितलं होतं मी मितूचं बोट. रोज तेल लावून ओढायचे सरळ व्हावं म्हणून, सहा महिने ओढलं, आणि त्या वाढदिवसाच्या फोटोत तर मी ते सरळ करूनच टाकलं होतं, दोन मिनिटांचं काम. पण सुकेशनीची करंगळी मी कधी बघितलीच नव्हती. अकरा वर्षांत कधी बघितली नाय. ती हात पुढं करून बोलते तरी. ती उठली आणि वर गेली. जेवली का ते मला माहीत नाय.

मी कॉम्प्युटर बंद केला. मला वाटलं, सकाळी बॅग भरणार ही. तशी माणसं असंच करतात, इथलं पटलं नाय की परत जातात आणि तिकडं जाऊन आमच्यावर लिहितात. मी तर मनात तयारीबी करून ठेवली, ह्यांना काय सांगायचं, सासूबाईंना काय सांगायचं. रागावून गेली म्हणायचं, दुसरं काय.

रविवारी सकाळी सातला मी स्टुडिओ झाडत होते. तो तिकडं खिळ्याला टांगलाय ना, तो कोट — पासपोर्टच्या फोटोसाठी येणाऱ्यांना आम्ही घालायला देतो तो, कॉलरीला कायमची पावडर, घालणारा कधी जाड कधी बारीक, म्हणून पाठीमागनं चिमटे लावतो. आदल्याच दिवशी त्याला बघून ती म्हणाली होती, हजार माणसांचा घाम आहे यात. तर ती आली. अंघोळ केलेली, केस मागं घट्ट बांधलेले. सरळ खिळ्यापाशी गेली, कोट काढला, झटकला आणि घातला. बाह्या वर ओढून घेतल्या, मनगटं दिसतील अशा. घड्याळ काढून कॉम्प्युटरपाशी ठेवलं, बोटातली चांदीची अंगठी काढली. खुर्चीत बसली, अशी नाय, आपण बायका बसतो तशी नाय — पाय रुंद टाकून, पाठ जरा वाकवून. मी झाडू हातात घेऊन उभी, कारण सासरे जेवायला बसायच्या आधी ओसरीवर तसेच बसायचे. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाली, "वहिनी, तोंड आबांचं लावा. हात माझे घ्या."

मी म्हणलं, मग तू कुठं बसशील फोटोत? म्हणाली, बसलेय की.

मी मागनं चिमटे लावले. ह्यांना हाक मारली, सासूबाईंना आणलं, शिवमला त्याचा निळा कोट घातला. मितू कुणाच्या मांडीवर बसंना, ना माझ्या, ना आज्जीच्या. रात्री माझ्याजवळनं उठून तिकडं जाऊन झोपली होती ना, आत्याच्या कुशीत, मला सकाळी कळलं ते. सरकत सरकत कोटाच्या मांडीवर जाऊन बसली आणि त्या हातावर आपला हात ठेवला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. विमान गेलं, सगळ्यांनी वर बघितलं, ह्यांनी मागं उभ्या उभ्या हातातल्या रिमोटचं बटन दाबलं. नंतर मी मुंडकं बदललं, बाकी कशाला हात लावला नाय. तळव्यावरचा व्रण तेवढा नाय त्या हातांवर, पण तळवा खाली हाय, दिसत नाय. मला वाटलं होतं जाण्याआधी ती मितूच्या रंगाचं एकदा तरी बोलंल. नाय बोलली. मीच मितूला होती तशी ठेवली, बोटासकट. आणि सासऱ्यांचं तोंड, उजळलेलं, ते परत मागं नेलं, हातांना जुळंल असं.

उठलं बघा. उठलं, उठलं, ये माझ्या राजा, ये. डोळे बघा कसे टकामका. झोप झाली ना आता, दहा मिनिटं हाय तुमच्याकडं, तेवढ्यात काय ते करायचं. झबलं राहू द्या, शेवटी घालू. अहो, लाइट लावा, बाळ उठलं. रंग अगदी तुमच्यावर गेलाय मॅडम, कानापासून. आणि ते मघाचं, हळूच सांगितलेलं — ते आमच्याकडं होत नाय. बंद केलं. पुढं जालना रोडला लागलात की कुणीबी करून देईल, हसत करून देईल. बसायचं तर आत चला, नाय तर ही तुमची पिशवी. तिकडं गेलात तर एवढं सांगा त्यांना, कान विसरू नका म्हणावं.